बसायचा कायदा

नको, नको, ती खुर्ची आधी उचला तिथनं! बसा काय, बसा? चौतीस वर्षं एक माणूस मला बसा म्हणाला नाही, आणि आता गुडघ्याच्या वाट्या झिजून गेल्यावर जो तो निघालाय बसा म्हणायला... राहू द्या! मी उभ्यानंच बोलतो. तुम्ही बसलाय ना? बसा, चांगले रेलून बसा, पाय लांब करून बसा, लाजू नका. बसलेल्या माणसांपुढं उभं राहायची सवय, तुम्हाला सांगतो, माझ्याइतकी अख्ख्या देशात कोणाला नसेल.

कारण मी होतो कुठं? सभागृहाच्या दारावर. देशाचे कायदे जिथं होतात ना, त्या खालच्या सभागृहाच्या. वरचं सभागृह वेगळं, तिथं म्हातारी माणसं असतात, त्यांचं नंतर सांगतो. तर आत तीनशे खुर्च्या, प्रत्येकीवर वीतभर जाडीची गादी, बसला माणूस की दहा मिनिटांत घोरलाच पाहिजे, आणि बाहेर दाराशी मी. पितळी बटणांचा कोट, पांढरे मोजे, पाठ ताठ, नजर समोर. का? तर नियम! 'दारवान दाराशी उभा राहील.' शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलंय. कोणी लिहिलं? जो लिहिताना बसला होता, त्यानं!

माझं काम काय? दोनच कामं. एक उभं राहायचं, आणि दुसरं म्हणजे मतदान आलं की दाराला कडी घालायची. मतदानाची बेल साऱ्या इमारतीत वाजते, अध्यक्षांच्या टेबलावर वाळूचं घड्याळ उलटं करतात, सहा मिनिटांत वाळू खाली आली की आतनं आरोळी येते, "दारं बंद!" आणि मी कडी घालतो. मग मोजणी होईपर्यंत कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. बाप आला तरी नाही! एकदा एका मंत्र्याच्या कोटाचं टोक दारात सापडलं. जाडे मंत्री. ओरडतायत, दार ठोकतायत... नाही उघडलं. पाऊण तास ते आतल्या बाजूनं दाराला चिकटून उभे होते. उभे! तो एक दिवस माझा फार चांगला गेला.

आता शिक्षण म्हणाल तर चौथी. तीही पुरती नाही, परीक्षेच्या दिवशी ताप आला होता. पण कायदा कसा होतो ते मला विचारा, वकिलाला विचारू नका, तो पुस्तकातलं सांगेल. कायदा म्हणजे, तुम्हाला सांगतो, सरकारी दवाखान्यात आलेला म्हातारा. या खिडकीतनं त्या खिडकीत, तिथनं वरच्या मजल्यावर, वरनं परत खाली, जो तो एकदा पोट दाबून बघणार, जो तो जीभ काढायला लावणार, आणि औषध मिळेपर्यंत म्हातारा एकतर आपोआप बरा झालेला असतो, नाहीतर... असो.

तर एक सदस्य होते, त्यांना मी छत्रीवाले म्हणायचो. उन्हात छत्री, पावसात छत्री, आणि ती उघडलेली मी जन्मात पाहिली नाही. आत छत्री न्यायला मनाई, म्हणून रोज माझ्या हातात द्यायची, "मामा, सांभाळा," म्हणायचं आणि आत पळायचं. पळायचं म्हणजे पळायचंच, कारण हे गृहस्थ कुठं म्हणून वेळेवर पोचलेले नाहीत. एवढं लक्षात ठेवा. एक दिवस बाहेर आले तर मी एका पायावर. तळ्यात बगळा उभा असतो ना, तसा. डावा गुडघा ठणकत होता, म्हणून त्याला जरा सुट्टी दिली होती.

"मामा, हे काय?"

"पाळी लावलीय साहेब. दुपारपर्यंत उजवा, दुपारनंतर डावा."

"मग बसत का नाही?"

"नियम नाही."

"असा कसा नियम?"

"तुमच्याच सभागृहाचा आहे, मला काय विचारता?"

मग तोंड उघडलंच होतं म्हणून मी पोरीचंही सांगून टाकलं. आमची पोरगी कापडाच्या दुकानात. तीन मजली दुकान, गिऱ्हाइकाला कोच, मालकाला फिरती खुर्ची, आणि चाळीस पोरी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात उभ्या. का? "बसलेली मुलगी दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं दुकान चालत नाही." हे मालकाचं म्हणणं! संध्याकाळी आमची बायको घमेल्यात कोमट पाणी घेऊन मूठभर मीठ टाकायची. इकडनं मी पाय बुडवायचे, तिकडनं पोरीनं. बायको म्हणायची, "बाप उभा राहून देश चालवतो, लेक उभी राहून दुकान चालवते, आणि मी इथं चार पायांना पाणी तापवते." पोरीच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठल्या होत्या, दोऱ्या गुंडाळल्यासारख्या. सव्वीस वर्षांची पोरगी हो! माझं काय, मी जुनं लाकूड. पण त्या शिरा दिसल्या की घास खाली उतरायचा नाही.

छत्रीवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मामा, कायदाच करू या! जिथं जिथं माणूस उभ्यानं काम करतो, तिथं तिथं त्याला बसायला एक स्टूल. दुकानं, कारखाने, लिफ्ट, दारं... सगळीकडं!"

मी म्हटलं, "साहेब, स्टूलच पाहिजे ना? सुताराला सांगा, दुपारपर्यंत देतो करून."

हसले. म्हणाले, "मामा, सुतार एकाला स्टूल देईल. सगळ्यांना स्टूल कायदाच देतो."

वाक्य काय सुंदर होतं हो! माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. त्या एका वाक्यापायी चार वर्षं वाट बघितली. आणि मी उभाच!

मंत्र्याचं विधेयक असलं तर ते केव्हाही येतं. पण साध्या सदस्याचं? त्याची चिठ्ठी टाकायची. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, जेवणानंतर, सगळे सटकल्यावर चिठ्ठी काढणार, आली तर आली. आमची चिठ्ठी निघायला सात महिने लागले. निघाली त्या दिवशी आत एकोणीस माणसं, त्यातली अकरा जागी. पहिलं वाचन! वाचन म्हणतात, पण वाचत काही नाहीत, फक्त नाव वाचतात. 'उभ्याने काम करणाऱ्यांस आसन उपलब्ध करून देण्याबाबतचे विधेयक.' दोघांनी बाक वाजवला. संपलं. दीड मिनिट!

पण मला काय कळतंय? मी घरी जाऊन दारातनंच ओरडलो, "अगं, झालं आपलं विधेयक!"

बायको म्हणाली, "मग स्टूल कुठंय?"

"तसं नाही गं, आज नुसतं नाव वाचलं."

"म्हणजे नाव ठेवलं, आणि मूल अजून व्हायचंय!"

दुसरं वाचन सुरू झालं आणि लगेच थांबलं, कारण तेच आपले जाडे मंत्री उठले. उठले म्हणजे काय, दोन हातांनी खुर्ची दाबून, हुश्श करून... "अध्यक्ष महाराज, हेतू स्तुत्य आहे." तुम्हाला सांगतो, सभागृहात कोणी 'हेतू स्तुत्य आहे' म्हणालं की समजायचं, आता गळा दाबणार. "हेतू स्तुत्य आहे, परंतु विषय गहन आहे. सबब समितीकडे पाठवावे." विषय गहन! अहो, स्टूल! तीन पाय आणि एक फळी! एवढंच लिहिलं होतं छत्रीवाल्यांनी. त्यात गहन काय, खिळे?

समिती म्हणजे अकरा माणसं, एक लांब टेबल आणि गुबगुबीत कोच. त्या कोचांवर बसून स्टुलाचा विचार. चौदा बैठका! पहिल्या बैठकीत काय ठरलं? दुसरी कधी ते. दुसरीत पहिलीचा वृत्तांत मंजूर. तिसरीत एकानं विचारलं, "पण स्टूल म्हणजे नेमकं काय?" झालं! सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. स्टुलाला पाठ असावी का? तिथं मुख्य कारकून होता, बारीक, नाकातनं बोलणारा, सगळे नियम तोंडपाठ. तो म्हणाला, "पाठ आली की ती खुर्ची होते महाराज, आणि खुर्च्या आपल्या खात्याकडे येत नाहीत." पाठ काढून टाकली. मग उंची. उंची बुटक्याच्या हिशेबानं की उंचाच्या? सरासरी माणूस शोधा! तो शोधायला उपसमिती. तिनं माणसं मापली, भागाकार केला, आणि सुताराकडनं एक नमुन्याचं स्टूल करून घेतलं. सुतारानं आपलं नेहमीसारखं चार पायांचं केलं, त्याला बिचाऱ्याला विधेयक कोणी वाचून दाखवलं नव्हतं. चांगलं दणकट, जड लाकडाचं स्टूल. आणि ते कुठं ठेवलं? तळघरातल्या कोठीत, कुलपात! मी कारकुनाला म्हटलं, "साहेब, ते रिकामंच पडलंय, तेवढं दाराशी ठेवलं तर?" म्हणाला, "तो समितीपुढचा पुरावा आहे. पुराव्यावर बसता येत नाही."

आणि एक दिवस मलाच बोलावणं आलं. साक्षीला! उभ्यानं काम करणाऱ्याचा अनुभव ऐकायचाय म्हणे. मी बटणं घासली, कोट इस्त्री केला, बायको म्हणाली, "दोन गोष्टी तिखट सांगून या." आत गेलो. अकरा जण कोचांत रुतलेले. मी इकडं बघतोय, तिकडं बघतोय, आपली खुर्ची कोणती... तर कारकून कानाशी लागला, "साक्षीदाराने उभं राहून साक्ष द्यायची असते."

घ्या! दोन तास दहा मिनिटं, उभं राहण्याचा त्रास काय असतो ते मी उभं राहून सांगत होतो!

"गुडघे केव्हा दुखतात?"

"आत्ता दुखतायत."

"नोंद करा, प्रसंगी दुखतात. डावा दुखतो की उजवा?"

"ज्याच्यावर उभा असेन तो."

"याआधी कधी बसून बघितलंत का?"

"घरी बसतो की!"

"मग घरी दुखतात का?"

"घरी जास्त दुखतात, तिथं दुखायला सवड मिळते."

एक बाई सदस्य होत्या, कनवाळू, त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "फार हाल होतात हो यांचे. यांना कोणीतरी..." मी आपला अर्धा वाकलो, आता म्हणणार खुर्ची द्या. "...यांना कोणीतरी पाणी द्या!" पाणी आलं. प्यालो. समितीनं एकमतानं माझे आभार मानले, बसल्या बसल्या. आणि मी उभाच!

अहवाल आला दोनशे बारा पानांचा. छत्रीवाल्यांनी मला एक प्रत दिली. मी ती हातात तोलून म्हटलं, "साहेब, असले दहा-बारा एकावर एक ठेवले की झालं स्टूल." हसले नाहीत. थकले होते बिचारे.

मग एकेक कलम घेऊन चर्चा, आणि प्रत्येक कलमावर दुरुस्त्या. दारावर भोंगा लावलेला असतो, आतलं सगळं मला बाहेर ऐकू यायचं. 'काम नसताना बसावे.' काम नसेल तर मी घरी नाही का जाणार? स्टूल पुसायचं कोणी, मालकानं की बसणाऱ्यानं? दिलेल्या स्टुलावर माणूस बसलाच नाही तर काय करायचं? त्यावर तीन दिवस! आणि विरोधातले एक होते, बोलण्याआधी तीनदा खाकरायचे. "अहं... अहं... अहं... अध्यक्ष महाराज! आज स्टूल मागतात, उद्या उशी मागतील, आणि परवा? परवा कामावर झोपतील!" काय बाकं वाजली! खाकरणाऱ्यांच्या मागं दोघं झोपले होते, ते दचकून जागे झाले आणि त्यांनीही वाजवली.

शेवटी मत आवाजावर घेतलं. बाजूच्यांनी 'हो' म्हणायचं, विरोधातल्यांनी 'नाही', आणि कोणाचा आवाज मोठा ते अध्यक्षांनी कान देऊन ठरवायचं. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी एक 'हो' दाराबाहेरनंही गेला. कोणाचा ते विचारू नका. पास झालं!

घरी सांगितलं तर बायको म्हणते, "मग उद्यापासनं बसणार?"

"छे गं, आता ते वरच्या सभागृहात जाणार."

"तिथं काय करतात?"

"खालच्यांनी केलेलं तपासतात."

"आणि वरच्यांनी केलेलं कोण तपासतं?"

"खालचे."

"म्हणजे या घमेल्यातलं पाणी त्या घमेल्यात, त्या घमेल्यातलं या घमेल्यात," बायको म्हणाली. "तेवढ्यात निवतं हो पाणी!"

पोरगी तिथंच होती. हळूच हसली. अलीकडे तिचं असंच चाललं होतं. "बाबा, तुम्ही बुडवा पाय, मी नंतर बघते," म्हणायची आणि आत जायची. मी रोज घमेल्यात एकटा ऐसपैस. मला वाटलं, बापाची कीव येते पोरीला.

तर वरचं सभागृह. तिथं सगळी वयस्कर मंडळी, घाई म्हणून नाही, एकाला माईक सापडेपर्यंत दुसरा आपण काय बोलणार होतो ते विसरतो. त्यांनी नऊ महिने विचार केला आणि एकच दुरुस्ती सुचवली. काय? 'तीन पायांचे' काढून 'चार पायांचे' घाला. का तर, त्यांच्यातले एक लहानपणी तीन पायांच्या स्टुलावरनं पडले होते! आणि वरच्यांनी काडीचा जरी बदल केला तरी खालच्यांनी पुन्हा मत द्यायचं असतं. एका पायासाठी अख्खं गाडं परत खाली!

परत आलं तेव्हा आमच्या सभागृहाचा शेवटचा दिवस उरला होता. मुदत संपत होती, नंतर निवडणुका, आणि जे राहिलं ते मेलं. पुन्हा चिठ्ठीपासनं सुरुवात. माझी निवृत्ती दोन महिन्यांवर. म्हणजे झालं तर त्या दिवशी, नाहीतर माझ्या हयातीत... जाऊ द्या.

सकाळी छत्रीवाल्यांनी छत्री हातात दिली. "मामा, आज होतंय! मी माणसं मोजलीयत. एका मतानं आपण पुढं."

आणि आत खाकरणारे उठले. "अहं... अहं... अहं... चार पायांचं स्टूल या सभागृहानं डोळ्यांनी पाहिलेलं नाही. न पाहता मत द्यायचं कसं?"

"दाखवतो!" छत्रीवाले ओरडले आणि निघालेच.

दारात मी म्हटलं, "साहेब, दुसऱ्या कोणाला पाठवा हो."

"कोठीवाला माझ्या सहीशिवाय देत नाही. आणि अजून चौदा वक्ते आहेत मामा, तासभर हलायचं नाही काही!" गेले तळघरात.

इकडं काय झालं? शेवटचा दिवस! सगळ्यांना घरी जायची घाई, गाड्या सुटायच्या, कॉरिडॉरमध्ये बॅगांची रांग. पहिला वक्ता उठला. "मला जे म्हणायचं होतं ते मी मागं म्हटलेलं आहे." बसला. दुसरा म्हणाला, "माझंही तेच." तिसऱ्यानं नुसता हात हलवला. चार वर्षं ज्यांची तोंडं मिटली नाहीत, ती चौदा माणसं चार मिनिटांत गप्प! आणि वाजली बेल.

नजर समोर ठेवायचा नियम, पण माझी जिन्यावर. एक मिनिट. दोन. माणसं धावत येतायत, आत शिरतायत, छत्रीवाले नाहीत. चार. पाच... मनात म्हणतोय, या हो, आजच्या दिवस तरी वेळेवर या! आणि जिन्यातनं आवाज आला. खाड. खाड. खाड. स्टूल पायऱ्यांवर आपटत वर येत होतं. दिसले! कॉरिडॉरच्या त्या टोकाला, चाळीस पावलांवर, डोक्यावर उलटं स्टूल, चार पाय वर, घामानं निथळतायत, बॅगांना अडखळतायत...

"मामा, थांबा!"

आणि आतनं आरोळी, "दारं बंद!"

आता सांगा काय करायचं! कडी माझ्याच हातात. तिकडनं चाळीस पावलांवर माझं स्टूल येतंय, माझ्या पोरीचं स्टूल येतंय, साऱ्या देशातल्या उभ्या माणसांचं स्टूल धावत येतंय. दहा श्वास थांबायचं होतं हो, फक्त दहा! कोणाला कळलं असतं? पण चौतीस वर्षं ज्या हातानं मंत्र्याचा कोट सोडला नाही, तो हात... हात विचारतो का हो कोणाला? डोकं 'थांब' म्हणेपर्यंत हातानं कडी घातलेली होती.

छत्रीवाले येऊन दारावर आदळले. ते माझ्याकडं बघेनात, मी त्यांच्याकडं बघेना. धापा टाकत स्टूल खाली ठेवलं, आणि... बसले त्याच्यावर. दमलेला माणूस, दुसरं काय करणार?

भोंग्यातनं मोजणी ऐकू आली. बाजूनं एकशे बेचाळीस. विरोधात एकशे बेचाळीस. समसमान! आता अध्यक्षांचं मत. आणि अध्यक्षांचा रिवाज काय? समसमान झालं की जसं आहे तसं राहू देण्याच्या बाजूनं मत द्यायचं. जसं आहे तसं! संपलं. चार वर्षं, चौदा बैठका, दोनशे बारा पानं... पडलं विधेयक.

शेवटी काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "कसं आहे हो बसायला?"

त्यांनी फळीवर हात फिरवला. "चांगलं आहे मामा," म्हणाले. "फारच चांगलं आहे."

आणि मी उभाच!

घरी जायला पाय उचलेना. पोरीला काय सांगू? तुझं स्टूल तुझ्या बापानंच दाराबाहेर ठेवलं? घमेल्यातलं पाणी गार झालं तरी मी पाय बाहेर काढले नाहीत. पोरगी जवळ येऊन बसली. "काय झालं बाबा?" मग खाली मान घालून सगळं सांगितलं, कडीसकट. तर पोरगी हसायला लागली!

"हसतेस काय?"

"अहो बाबा, आम्ही बसायला लागून वर्ष झालं."

"कोण आम्ही? कुठं बसता?"

"दुकानात. कापडाची खोकी येतात ना? ती उलटी घातली, आणि एक दिवस दुपारी दोनला तिन्ही मजल्यांवरच्या चाळीसच्या चाळीस जणी एकदम बसलो. मालक आला धावत. 'उठा! उठा म्हणतो ना!' कोण उठतंय? एकीला उठवलं की दुसरी बसायची. अर्धा तास ओरडला, मग त्याचेच पाय दुखायला लागले. तोही बसला एका खोक्यावर."

"अगं, पण विचारलंत कोणाला?"

"विचारायचं कोणाला? पाय आमचे!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज इतक्या हौसेनं कायद्याचं सांगायचात... कसं सांगणार?"

आतनं बायको म्हणाली, "वर्षभर घमेल्यात एकट्याचे पाय आहेत. नजर समोर ठेवली की असं होतं. जरा खाली बघावं माणसानं!"

मी खाली बघितलं. पोरीच्या पोटऱ्या बघितल्या. शिरा होत्या, पण सूज नव्हती. दोन सभागृहांना जे चार वर्षांत जमलं नाही, ते चाळीस पोरींनी अर्ध्या तासात केलं, तेही एकही भाषण न करता!

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच गेलो. पाय आपले! छत्रीवाले ते स्टूल दाराशीच टाकून गेले होते. सभागृह रिकामं, कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नाही. कोट सावरला, पाठ फिरवली, गुडघे वाकवले, कड् कड्... आता फळीला टेकणार, एवढ्यात नाकातनं आवाज आला. "मामा!"

मुख्य कारकून! म्हणाला, "हा पुरावा आहे. विधेयक पडलं म्हणून समिती नाही, समिती नाही म्हणून कोठीवाला परत घेत नाही, ज्यांच्या सहीनं बाहेर काढलं ते सदस्य आता सदस्यच नाहीत. नवीन सभागृह निर्णय घेईपर्यंत हे इथंच राहील." आणि त्यानं पाटी आणून लावली. 'यावर बसू नये.'

पण इमारत बघायला येणारी माणसं पाटी वाचतात होय? येतात, दमलेली असतात, बसतात. दोनदा-तीनदा कारकुनानं स्वतः उठवलं. मग आपल्या खुर्चीत बसून त्यानं बराच विचार केला आणि लेखी हुकूम काढला, 'सदर स्टुलावर कोणी बसू नये म्हणून त्याच्या शेजारी एक माणूस उभा करण्यात यावा.'

आता त्या कॉरिडॉरमध्ये माणसं होती किती? एक!

दोन महिने, तुम्हाला सांगतो, निवृत्तीच्या दिवसापर्यंत. रोज संध्याकाळी पोरगी विचारायची, "काय बाबा, मिळालं का स्टूल?"

म्हणायचो, "मिळालं की! पूर्ण माझ्याच ताब्यात आहे."

आणि मी उभाच.